कंपनीच्या व्हॅल्यूज आणि सहकाऱ्यांची शाबासकी: ॲप घ्यायच्या आधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनी दोनेकशे माणसांची, पाच व्हॅल्यूज ठरलेल्या, पोस्टर लागलेत, जॉइनिंगच्या दिवशी त्यावर प्रेझेंटेशन पण होतं, पण रोजच्या कामात कुणी त्यांचा विचार करताना दिसत नाही. म्हणून आता सहकाऱ्यांनीच एकमेकांना शाबासकी द्यायची, प्रत्येक शाबासकीला एक व्हॅल्यू जोडायची, त्याचे पॉइंट्स मिळणार आणि पॉइंट्सवर गिफ्ट व्हाउचर, असा प्रोग्राम काढायचा आहे. तर ॲप कुठलं घ्यावं, पॉइंट्स किती ठेवावेत, आणि लोक आपापल्या मित्रांनाच पॉइंट्स वाटत बसले तर काय करायचं?

मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, असे प्रोग्राम सुरू करून दिलेत आणि बंद पडलेले परत उभे पण केलेत. माझं मत सरळ सांगते. ॲपचा प्रश्न शेवटचा आहे, पॉइंट्सचा त्याच्या आधीचा, आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे शाबासकी नेमकी कशाला द्यायची. ते ठरलं नसेल तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे 'थँक्स फॉर द सपोर्ट' अशा शेकडो नोट्स जमा झालेल्या असतील आणि व्हॅल्यूज होत्या तिथेच भिंतीवर असतील.

आधी हे बघू की सहकाऱ्यानेच का, मॅनेजरने शाबासकी दिली तर काय बिघडलं. बिघडत काहीच नाही, पण मॅनेजरला बहुतेक वेळा कामाचा निकाल दिसतो. रिपोर्ट वेळेवर आला, मशिन चालू झालं, कस्टमर शांत झाला. तो निकाल कसा आला हे शेजारी बसणाऱ्याला माहीत असतं. कुणी आकडा थोडा गोल करून लिहिला असता तर कुणालाच कळलं नसतं आणि तरी त्याने केला नाही, कुणी नव्या मुलीला तीन वेळा तेच समजावून सांगितलं आणि एकदाही आवाज चढवला नाही, कुणी मीटिंगमध्ये जी आयडिया मांडली ती आपली नसून दुसऱ्याची आहे हे सांगितलं. व्हॅल्यूज असतात त्या या 'कसं' मध्ये. आणि 'कसं' चा साक्षीदार सहकारी असतो. म्हणून व्हॅल्यूजसाठी पिअर रेकग्निशन, म्हणजे सहकाऱ्यानेच सहकाऱ्याला शाबासकी देणं, हा मार्ग बरोबर आहे, तुमची निवड चुकलेली नाही.

आता कशाला द्यायची. मी एकच कसोटी लावते: त्या माणसाकडे दुसरा सोपा रस्ता होता का, आणि तो त्याने सोडला का? सोपा रस्ता नव्हता तर ते चांगलं काम आहे, त्याचं कौतुक जरूर करा, पण त्याला व्हॅल्यू चिकटवू नका. समजा तुमची एक व्हॅल्यू 'पारदर्शकता' आहे. दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट पाठवणं ही पारदर्शकता नाही, ती ड्युटी आहे. पण माल दोन दिवस उशिरा जाणार हे सोमवारीच लक्षात आलं, आणि गुरुवारपर्यंत गप्प राहून 'ट्रान्सपोर्टमुळे उशीर झाला' म्हणता आलं असतं, तरी त्या माणसाने सोमवारीच कस्टमरला फोन करून बोलणी खाल्ली, तर ती पारदर्शकता. इथे त्याने काहीतरी मोजलंय. एक अवघड फोन, थोडी इज्जत, कदाचित पुढची ऑर्डर. जिथे काहीच मोजावं लागत नाही तिथे व्हॅल्यू आहे की नाही हे कळायला मार्गच नसतो.

या कसोटीचा एक फायदा असा की मित्रांना वाटण्याचा प्रॉब्लेम बराचसा आपोआप कमी होतो. 'रोहन नेहमी मदत करतो, सुपरस्टार' हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. पण 'काय झालं, सोपा रस्ता कोणता होता, त्याने काय केलं आणि त्याचा फरक कुणाला पडला' एवढं लिहायला लावलं की खोटं लिहिणं जड जातं, कारण ते वाचणारे त्याच टीममधले असतात आणि त्यांना माहीत असतं त्या दिवशी खरं काय झालं होतं. मग मित्राने मित्राला दिली तरी हरकत नाही, प्रसंग खरा असला म्हणजे झालं. माणूस ज्याच्यासोबत बसतो त्याचंच काम त्याला दिसणार ना.

दोन नोट्स शेजारी ठेवून बघा.

पहिली: 'स्नेहाने प्रोजेक्टमध्ये खूप ओनरशिप दाखवली. ग्रेट जॉब. #ओनरशिप'

दुसरी: 'गेल्या आठवड्यात बिलिंगच्या फाइलमध्ये चूक निघाली. चूक आमच्या टीमची होती, स्नेहाच्या टीमचा संबंध नव्हता, आणि ती फाइल परत पाठवून मोकळी झाली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. तिने आमच्यासोबत बसून मागच्या तीन महिन्यांच्या फाइल्स पण तपासल्या, त्यात अजून दोन चुका सापडल्या. कस्टमरकडे बिलं जायच्या आधी सगळं दुरुस्त झालं.'

दुसरीत 'ओनरशिप' हा शब्द कुठेच नाही आणि तरी वाचणाऱ्या नवीन मुलाला कळतं की इथे ओनरशिप म्हणजे काय. पहिलीत शब्द आहे, बाकी काही नाही. म्हणून माझा एक बारीक पण फार उपयोगी सल्ला: फॉर्ममध्ये व्हॅल्यूचा ड्रॉपडाउन पहिला ठेवू नका. आधी प्रसंग लिहायला जागा द्या, व्हॅल्यू शेवटी निवडायला सांगा, आणि 'यातली कुठलीच नाही' हा पर्याय पण ठेवा. ड्रॉपडाउन आधी आला की माणूस आधी व्हॅल्यू निवडतो आणि मग तिला शोभेल असं काहीतरी लिहितो. प्रसंग आधी असला की जे घडलं ते येतं. बहुतेक तयार ॲप्समध्ये हे उलटं असतं, बदलता येतं का ते डेमोतच विचारा. 'कुठलीच नाही' वाल्या नोट्स तर मी सगळ्यात आधी वाचते. तिथे अशा गोष्टी सापडतात ज्या लोक खरोखर मानतात पण कंपनीच्या यादीत नाहीत.

आता पॉइंट्स आणि व्हाउचर. यावर जुनं संशोधन आहे आणि ते माहीत असणं बरं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी सील आणि रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, आणि काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं स्वतःहून चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या साधारण अर्धाच वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड तशीच होती. म्हणजे बक्षीस वाईट नाही, 'हे केलंस तर ते देईन' हा सौदा वाईट, निदान जे माणूस आपणहून करत होता त्या गोष्टीसाठी तरी.

मुलांचं सोडा, कामाच्या ठिकाणचं उदाहरण घ्या. इंडस्ट्रियल लाँड्रीच्या पाच प्लांटपैकी एकात वेळेवर येणाऱ्यांसाठी अवॉर्ड सुरू केलं होतं, त्याचा अभ्यास गबलर, लार्किन आणि पियर्स या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांनी अवॉर्डच्या नियमांशी खेळायला सुरुवात केली. जोपर्यंत पात्र आहोत तोपर्यंत वेळेवर, एकदा संधी गेली की जुन्या सवयी परत. पण मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. जे आधीपासूनच नियमित होते किंवा ज्यांचं काम आधीपासूनच चांगलं होतं त्यांची प्रॉडक्टिव्हिटी ६ ते ८ टक्क्यांनी घसरली. कारण उघड आहे हो, इतकी वर्षं आम्ही कुणी न सांगता वेळेवर येतोय त्याचं काहीच नाही, आणि आता उशिरा येणारे सुधारले म्हणून त्यांना बक्षीस! तुमच्या कंपनीत ज्या दहाबारा लोकांच्या जिवावर व्हॅल्यूज टिकून आहेत, नेमके तेच लोक पॉइंट्सच्या स्कीममुळे आधी थंड पडू शकतात. त्यांचा राग फक्त काही मिळालं नाही याचा नसतो, आपण जे सहज करत होतो त्याचा आता रेट ठरलाय याचाही त्यांना वैताग येतो.

मग पैसे अजिबात नकोत का? असंही नाही. गूगलमध्ये पिअर बोनस, म्हणजे सहकाऱ्याने सहकाऱ्याला द्यायचा बोनस, बरीच वर्षं आहे, लाझ्लो बॉक तिथे पीपल ऑपरेशन्सचे, म्हणजे एचआरचे, प्रमुख होते त्या काळात ती रक्कम १७५ डॉलर होती आणि एका सहकाऱ्याने दुसऱ्याला द्यायला वरून मंजुरी लागत नव्हती. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. रक्कम ठरलेली आणि त्या पगारांच्या मानाने छोटी होती, म्हणजे ती मिळवण्यासाठी कुणी आपलं वागणं बदलेल अशी नव्हती. आणि मॅनेजर मध्ये नव्हता, म्हणजे विश्वास दाखवला होता. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर असंच ठेवा: छोटं, सगळ्यांना सारखं, साठवता न येणारं. पॉइंट्स जमवून टीव्ही घेता येतो अशी स्कीम काढलीत तर ती शाबासकीची स्कीम राहत नाही, लॉयल्टी कार्ड होतं.

आणि लीडरबोर्ड तर नकोच, त्यावर चर्चा पण नको. या महिन्यात सगळ्यात जास्त शाबासकी कुणाला मिळाली हे ज्या दिवशी स्क्रीनवर झळकलं त्या दिवशी प्रोग्राम संपला असं समजा. मग 'तू मला दे मी तुला देतो' सुरू होतं आणि ते थांबवायला तुम्ही नियम करता, एका माणसाला महिन्यात दोनदाच, परत देण्यावर बंदी वगैरे, आणि नियम वाढले की जे प्रामाणिकपणे लिहीत होते तेही लिहायचे बंद होतात. कोटा ठेवणं हे त्याचंच भावंड, 'प्रत्येकाने महिन्याला दोन नोट्स द्यायच्याच'. महिन्याच्या ३० तारखेला संध्याकाळी धडाधड नोट्स येतात आणि त्यातली एकही वाचण्यासारखी नसते. एम्प्लॉयी ऑफ द मंथबद्दल तर काय बोलायचं, चौथ्या महिन्यानंतर तो पाळीपाळीने मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं.

एक अभ्यास मात्र शाबासकीच्या बाजूने आहे आणि तो मला आवडतो. ब्राडलर, डुर, नेकरमान आणि नॉन या संशोधकांनी ३०० पेक्षा जास्त लोकांना डेटा एंट्रीच्या तीन तासांच्या कामावर घेतलं, आणि मध्येच काही ग्रुप्समध्ये आधी न सांगता थँक्यू कार्ड दिली. पैसे नाहीत, फक्त कार्ड. त्यानंतर काम वाढलं, आणि सगळ्यांना सरसकट दिली त्यापेक्षा फक्त सगळ्यात चांगलं काम करणाऱ्यांना दिली तिथे जास्त वाढलं. पण वाढ मुख्यतः कुणाची होती माहितेय? ज्यांना कार्ड मिळालं नव्हतं त्यांची. म्हणजे शाबासकीचा जास्त परिणाम बघणाऱ्यावर होतो. घेणाऱ्याला आनंद होतो तो होतोच, पण बाकीच्यांना कळतं की इथे चांगलं कशाला म्हणतात. तुम्हाला व्हॅल्यूज रुजवायच्या असतील तर तुमचे खरे वाचक हे बघणारेच आहेत, त्यांना प्रसंग कळला पाहिजे, नुसतं नाव आणि टाळ्या दिसून उपयोग नाही.

आता ज्या ठिकाणी हे प्रोग्राम हमखास वाकडे जातात ती जागा. सहकारी काय बघतात? जे दिसतं ते. आणि दिसतं काय, तर आग विझवणारा. सर्व्हर पडला, रात्रभर जागून उभा केला, सकाळी ग्रुपवर शाबासक्यांचा पाऊस. ज्याने सहा महिन्यांपूर्वी बॅकअप नीट लावला आणि त्यामुळे त्याचा सर्व्हर कधी पडलाच नाही, त्याला कोण काय म्हणणार? काही घडलंच नाही तर लिहायचं काय? आणि कधी कधी तर ज्याच्या आळसामुळे आग लागली तोच रात्री विझवतो आणि तोच हिरो होतो. असं वर्षभर चाललं की लोकांना नकळत हा धडा मिळतो की इथे वेळेवर काळजी घेण्यात काही अर्थ नाही, शेवटच्या क्षणी धावपळ करण्यात आहे. याच रस्त्याने 'ओनरशिप' किंवा 'पॅशन' या व्हॅल्यूचा अर्थ हळूहळू 'रात्री अकराला मेलला उत्तर देणं' असा होऊन बसतो, आणि ज्यांना घरी लहान मूल आहे किंवा आजारी आईवडील आहेत ते या शर्यतीतून बाहेर. मी दर तीन महिन्यांनी नोट्समध्ये 'रात्री', 'वीकेंडला', 'सुट्टी असूनही' हे शब्द किती वेळा आले ते शोधते. जास्त आले तर प्रॉब्लेम कामाच्या प्लॅनिंगमध्ये आहे, त्याला व्हॅल्यूचं नाव देऊन टाळ्या वाजवायच्या नाहीत.

न घडलेल्या गोष्टींची शाबासकी कशी द्यायची याचं माझं आवडतं उदाहरण नासाचं आहे. १९६८ पासून तिथे सिल्व्हर स्नूपी अवॉर्ड आहे. ते अंतराळवीरांचं स्वतःचं अवॉर्ड आहे, उड्डाणाची सुरक्षितता आणि मोहिमेचं यश यासाठी वेगळं काही केलेल्या कर्मचाऱ्याला किंवा कंत्राटदाराच्या माणसाला मिळतं, दरवर्षी एकूण लोकांपैकी एक टक्क्यापेक्षाही कमी लोकांना. चांदीची छोटी पिन असते, खरोखर अंतराळात जाऊन आलेली, आणि अंतराळवीर ती त्या माणसाच्या कामाच्या जागी येऊन, त्याच्या सहकाऱ्यांसमोर देतात. म्हणजे ज्याचा जीव त्या बोल्टवर अवलंबून होता तोच येऊन सांगतो की बोल्ट नीट होता. पैशात त्याची किंमत काही नाही, आणि तरी त्यासमोर बोनस फिका पडेल. काही हॉस्पिटल्समध्ये पण औषध पेशंटपर्यंत जायच्या आधी चूक पकडणाऱ्याला 'गुड कॅच' म्हणून शाबासकी देतात, तेच तत्त्व. तुमच्याकडे यातून घेण्यासारखं हे की शाबासकी देणारा शक्यतो तो असावा ज्याला त्या कामाचा खरंच फरक पडला. प्रॉडक्शनच्या माणसाने स्टोअर्सच्या माणसाला दिलेली, सेल्सने अकाउंट्सला दिलेली, ती एकाच टीममधल्या दहा नोट्सपेक्षा भारी. आणि दर महिन्याला एक प्रश्न मुद्दाम विचारायचा: या महिन्यात काय बिघडू शकलं असतं आणि कुणामुळे बिघडलं नाही? पहिल्यांदा लोक गप्प बसतात. थोडा वेळ जाऊ द्या, नावं यायला लागतात, आणि ती नावं नेहमीच्या हिरोंची नसतात.

कोण सुटतं हेही बघावं लागतं. नाइट शिफ्ट, दुसऱ्या ऑफिसमध्ये एकटा बसणारा, घरून काम करणारे, कॉन्ट्रॅक्टवरचे लोक, कमी बोलणारे. प्रोग्राम फक्त कंपनीच्या लॅपटॉपवरच चालत असेल तर शॉपफ्लोअर आणि गोडाऊन आपोआप बाहेर, मग तुम्ही कितीही म्हणा की सगळ्यांसाठी आहे. तिथे शिफ्ट बदलताना दोन मिनिटं तोंडी सांगणं आणि सुपरवायझरने ते लिहून ठेवणं पुरतं. शाबासकी चारचौघात हवी की खाजगीत हे घेणाऱ्याला विचारा, काही लोकांना सगळ्यांसमोर उभं केलं तर ती शिक्षाच वाटते.

मॅनेजरचं काम यात काय? मंजुरी देणं हे नाही. अप्रूव्हलची पायरी ठेवलीत की नोट तीन दिवस पडून राहते, शिळी होते, आणि लिहिणारा मॅनेजरला आवडेल असं लिहायला लागतो. आक्षेपार्ह काही आलं तर नंतर काढता येतं. मॅनेजरने नोट वाचायची, आणि त्या माणसाशी पुढच्या वेळी बोलताना त्याबद्दल विचारायचं, 'तो फोन करायचं कसं ठरवलंस, काय वाटत होतं?' या एका प्रश्नाने नोटला जेवढं वजन येतं तेवढं पॉइंट्सने येत नाही. आणि सुरुवात वरच्यांनी करायची, पण वरच्यांनी एकमेकांना नाही, बाजूच्या डिपार्टमेंटमधल्या ज्युनिअरला, प्रसंगासकट. डायरेक्टरची पहिली नोट 'संपूर्ण टीमचे आभार' अशी असली की पुढच्या सगळ्या तशाच येणार हे लिहून ठेवा.

अप्रेझलशी जोडायचं का, हा प्रश्न येतोच. नोट्सची संख्या कधीच जोडायची नाही. त्यातला प्रसंग मात्र मॅनेजरला अप्रेझलमध्ये सांगता आला पाहिजे, कारण तो पुरावा आहे.

पण खरी गोची इथे आहे, आणि ही तुम्हाला मॅनेजमेंटसमोर बोलावीच लागेल. शाबासकी एक सांगत असेल आणि पगारवाढ, प्रमोशन दुसरंच सांगत असेल तर लोक पगारवाढीचंच ऐकतात, आणि बरोबरच करतात. मॅनेजमेंटचे अभ्यासक स्टीव्हन केर यांनी १९७५ मध्ये याच विषयावर लेख लिहिला होता, की संस्था बक्षीस 'अ' ला देतात आणि अपेक्षा 'ब' ची करतात. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या चार जाहीर व्हॅल्यूज होत्या, संवाद, आदर, सचोटी आणि उत्कृष्टता, आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली ती हिशेबातल्या लबाडीमुळे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत ग्राहकाचं हित ही कागदावरची व्हॅल्यू होती, पण कर्मचाऱ्यांवर टार्गेट होतं प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त प्रॉडक्ट विकायचं. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. अशा ठिकाणी कितीही सुंदर ॲप आणलं असतं तरी काय फरक पडला असता? तुमच्याकडे इतकं टोकाचं नसेल, पण एक उद्धट, सगळ्यांचं श्रेय लाटणारा माणूस आकडे आणतो म्हणून प्रमोट झाला की 'आदर' या व्हॅल्यूवरच्या वर्षभराच्या सगळ्या नोट्स एका दुपारीत धुऊन निघतात. म्हणून प्रोग्राम सुरू करायच्या आधी मागच्या पाच प्रमोशन्सची यादी घेऊन बसा आणि प्रत्येकापुढे लिहा की हा माणूस कुठल्या व्हॅल्यूचं उदाहरण आहे आणि कुठल्या व्हॅल्यूच्या विरुद्ध. यादी मॅनेजमेंटला दाखवायची हिंमत होत नसेल तर प्रोग्रामपण पुढे ढकला, मी गंमत करत नाहीये.

सुरुवात कशी करायची ते पटकन सांगते. ॲप नको, दोन किंवा तीन टीम निवडा, त्यातली एक तरी अशी जिचं काम बाहेर दिसत नाही. त्यांच्यासोबत तासभर बसा आणि पोस्टर न दाखवता विचारा की गेल्या वर्षभरात इथे कुणी असं काय केलं ज्यामुळे तुम्हाला या कंपनीत असल्याचं बरं वाटलं. प्रसंग गोळा करा, मग पाच व्हॅल्यूजच्या शेजारी मांडा. एखाद्या व्हॅल्यूपुढे एकही प्रसंग येत नाही असं जवळजवळ नेहमी होतं. ती व्हॅल्यू एकतर खोटी आहे किंवा ती पाळणं लोकांना महाग पडतंय, दोन्हीत शाबासकी आधी लागू पडत नाही, आधी कारण शोधावं लागतं. बाकीच्यांसाठी आठवड्याच्या मीटिंगची शेवटची पाच मिनिटं ठेवा, ज्याला सांगायचंय तो सांगेल, कुणाकडेच काही नसेल तर मीटिंग पाच मिनिटं आधी संपली. सक्ती नाही. एका कॉमन फाइलमध्ये चार ओळी लिहून ठेवायच्या. घडलं त्याच आठवड्यात सांगायचं, महिन्याने तपशील उडतो आणि नुसती विशेषणं उरतात. तीन महिने असं चाललं आणि लोकांना फाइल अपुरी पडायला लागली तर ॲप घ्या, तेव्हा तुम्हाला त्यात काय हवंय हे नीट माहीत असेल आणि सेल्सवाला तुम्हाला लीडरबोर्ड विकू शकणार नाही.

चालतंय की नाही हे कसं बघायचं? 'या तिमाहीत ८०० शाबासक्या' हा आकडा बोर्डाला आवडतो, त्याला अर्थ काही नाही. मी चार गोष्टी बघते. किती लोकांनी दिली पण नाही आणि मिळाली पण नाही, आणि ते कुठे बसतात. टीमच्या बाहेर किती गेल्या. कुठल्या व्हॅल्यूला काहीच येत नाही. आणि कुठल्याही तीसेक नोट्स उचलून स्वतः वाचणं, त्यातल्या किती नोट्समध्ये सोडलेला सोपा रस्ता दिसतो. चौथी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त सांगते, ती कुणा इंटर्नकडे ढकलू नका.

आणि एक परीक्षा जी मला कुठल्याही सर्वेपेक्षा भरवशाची वाटते. जो माणूस तीन महिन्यांपूर्वी जॉइन झालाय त्याला चहाच्या वेळी विचारा, 'इथे कशाला शाबासकी मिळते रे?' व्हॅल्यूज हा शब्द काढू नका. तो जे सांगेल ते लिहून घ्या, आणि तसंच चारपाच जणांना विचारा, वेगवेगळ्या टीममधल्या. 'बॉस खुश असला पाहिजे', 'उशिरापर्यंत थांबलं पाहिजे', 'चूक लपवली नाही तर इथे कुणी खात नाही', 'अकाउंट्सवाले पण मदत करतात', काहीही येऊ शकतं. ही यादी पुढच्या मॅनेजमेंट मीटिंगमध्ये पोस्टरच्या शेजारी ठेवा आणि बजेट मंजूर करायच्या आधी वाचून दाखवा.